दसऱ्याला बोलणारी

शिवानंदनं खिशातून टेप काढली आणि गाडी मोजायला घेतली. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत लांबी, मग हँडलची रुंदी, मग जमिनीपासून टाकीपर्यंतची उंची. प्रत्येक आकडा तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा आणि पेनानं तळहातावर लिहायचा. आकाराम मिस्त्री वर्कशॉपच्या भिंतीला टेकून ते बघत होता. तिरडीचे बांबू तोडण्याआधी घरातलं कुणीतरी मयताकडं बघून उंचीचा अंदाज घेतं. तीन वर्षांपूर्वी, बायकोच्या, बाळाबाईच्या वेळी, त्यानं ते पाहिलं होतं. आज टेप होती, एवढाच काय तो फरक.

“दोन साखळ्या पुढनं, दोन मागनं,” शिवानंद म्हणाला. तो संकेश्वरकडचा; त्याच्या बोलण्याला कानडी हेल होता. “गिऱ्हाईक दारातनं आत आलं की डोक्यावर ही. खालनं तांबडा लाइट सोडायचा. फोटो काढायला रांग लागंल बघा अण्णा.”

“आन् इंजिन?”

“त्याचं वजन लई होतंय. आतलं सगळं काढून टाकायचं, नुसतं कवच ठेवायचं. वर चढून कोण बघतंय?”

आकारामनं भिंतीवरचा हात काढला आणि पुन्हा टेकवला. आतलं सगळं. त्या आतल्या प्रत्येक तुकड्याला त्यानं गेल्या चव्वेचाळीस वर्षांत निदान दहा वेळा हात लावला होता.

“शिवानंद, माझं ऐक जरा. माझी लुना हाय, जुनी, अस्सल. ती न्हे. फुकट न्हे. रंगबी मारून देतो.”

शिवानंद हसला. “लुना टांगली तर लोकांस्नी वाटंल, मालकानं गाडी धुऊन वाळत घातलीया.”

तो वाईट माणूस नव्हता. हमरस्त्याला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं हॉटेल काढत होता, दसऱ्याच्या मुहूर्तावर उद्या नारळ फोडायचा होता, आणि छताला काहीतरी टांगलेलं असावं असं त्याला कुणीतरी सुचवलं होतं. पाच वाजता टेम्पो येईल, असं सांगून तो गेला. जाताना त्यानं गाडीच्या सीटवर थाप मारली, बैल पसंत पडल्यावर मारतात तशी.

सकाळचे आठ वाजले होते. खंडेनवमी होती.

गाडी आकारामची नव्हती. ती विजयसिंहांची होती. ते करोनात गेले, आणि आता ती त्यांच्या मुलाची, अमरसिंहाची होती. अमरसिंह पुण्यात राहायचा. कोल्हापुरातलं सगळं आवरत आणलेलं, तशी ही गाडीही. बेंगळुरूचे वीरेश म्हणून एक गृहस्थ अशा गाड्या गोळा करायचे आणि रोज त्यातली एक चालवायचे. त्यांनी सांगितलं होतं: गाडी चालू असेल तर लगेच नेतो, बंद असेल तर मला नको, मी देव्हारा मांडत नाही. अमरसिंहानं तीन आठवड्यांपूर्वी आकारामला फोन केला होता. “मिस्त्रीकाका, खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत सुरू करा. मी येतो. व्हिडिओवर वीरेशना आवाज ऐकवू. नाही झाली तर मग शिवानंदला दिली म्हणून समजा. माझाही नाइलाज आहे.”

गाडी आपल्याकडं राहणार नाही, हे आकारामनं तेव्हाच गिळलं होतं. पण ती कुठंतरी पळत राहील की पोट कोरून छताला लटकेल, हे अजून ठरायचं होतं. ते त्याच्या उजव्या पायात होतं, आणि तो पाय पहाटेपासून किक मारून गुडघ्यात सुजला होता.

गाडी इटलीची. ड्युकाटी, नऊशे सीसी, चंदेरी अंगावर निळा पट्टा. त्या घडणीच्या गाड्या मुळातच मोजक्या झाल्या, आणि कोल्हापुरात तर ही एकटीच. इथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इटालियन इंजिनियर ती बोटीनं घेऊन आला होता. परत जाताना ती त्यानं विजयसिंहांच्या हवाली केली. विजयसिंह जुन्या जहागिरीचे वारस. जहागीर गेली होती, पण ऐट कुणी काढून घेऊ शकलं नव्हतं. ते गाडी घेऊन निघाले की आधी आवाज यायचा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ते. नाटकात नायकाची ललकारी आधी विंगेतून ऐकू यावी, अख्ख्या थिएटरनं माना वळवाव्यात आणि मगच त्यानं पाऊल टाकावं, तसा तो प्रवेश असायचा. पानवाल्याचा हात कातावर थांबायचा.

आकाराम मुरगूडचा. चौदाव्या वर्षी तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात आला आणि ऑइल इंजिनांच्या कारखान्यात लोखंड घासायला लागला. पुढं लेथ शिकला, मग इंजिनं खोलायला, आणि तेविसाव्या वर्षी चार पत्र्यांचं का होईना, स्वतःचं वर्कशॉप टाकलं. त्याच साली विजयसिंह गाडी घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. म्हणाले, आत काहीतरी खडखडतंय, आणि हात लावायचं धाडस कुणी करत नाही.

आकारामनं केलं. झाकण उघडलं आणि तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

साध्या इंजिनात व्हॉल्व, म्हणजे आतली झडप, उघडायला एक बोट असतं, ते त्याला ढकलतं. मिटायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं असतं. स्प्रिंग दमते, उशीर करते, वेग वाढला की गोंधळते. ह्या गाडीत स्प्रिंगचा भरवसाच नव्हता. व्हॉल्व उघडायला एक बोट आणि मिटायला दुसरं. पात्राला रंगमंचावर ढकलणारा एक आणि वेळ झाली की विंगेत ओढून घेणारा दुसरा. कुणी रेंगाळायचं नाही, कुणी चुकायचं नाही. एवढ्याशा जागेत हे कुणीतरी बसवलं होतं, हातानं घासून, कागदाच्या जाडीचं अंतर राखून. आकाराम शाळेत चौथीपर्यंत गेलेला. पण आपल्यासारखाच काळ्या नखांचा कुणीतरी माणूस समुद्रापलीकडं बसून हे करत होता, एवढं त्याला त्या दिवशी कळलं.

“काय दुरुस्त केलंस ते चालवल्याशिवाय समजायचं नाही,” विजयसिंह म्हणाले. “जा, गगनबावड्याला जाऊन ये.”

सीट एकाच माणसाची. हँडल इतकं खाली की छाती टाकीला टेकायची आणि पाय मागं दुमडायचे. नट प्रवेशाआधी वाकून भुईला हात लावतो, तसं आधी वाकल्याशिवाय ही गाडी कुणाला पुढं जाऊच द्यायची नाही. कळे गेलं, साळवण गेलं, मग वळणं सुरू झाली. आवाज मागं राहत नव्हता, छातीत भरत होता. गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली. खाली कोकण धुक्यात होतं. गाडीचं लोखंड निवताना टिकटिक करत होतं. आकाराम तिच्याशेजारी मातीत बसला आणि त्याला कारण नसताना रडू आलं.

परत आल्यावर विजयसिंह सरकारांनी विचारलं, “काय बिघडलंय?”

“गाडीचं काय न्हाय,” तो म्हणाला. “आता माझंच बिघडलं.”

दोन वर्षांनी बाळाबाई लग्न होऊन घरात आली. पहिल्याच आठवड्यात तिनं ओळखलं. “माझ्या आधीच एक करून ठिवलीया की ह्यांनी,” ती शेजारणीला म्हणाली. “गोरी हाय. परदेशातली.” तेव्हापासून गाडीचं नाव सवत. पुढं विजयसिंहांची साठी उलटली, कंबर वाकेना. त्यांनी गाडी आकारामच्या वर्कशॉपमध्ये आणून लावली. “माझ्या वाड्यात धूळ खाईल, तुझ्याकडं राहू दे. वर्षातून एकदा तरी बोलती ठेव.”

ते वर्षातून एकदा म्हणजे दसरा. खंडेनवमीला हत्यारांची आणि गाडीची पूजा व्हायची, दसऱ्याला सकाळी आकाराम किक मारायचा आणि उद्यमनगरातल्या दहा-वीस वर्कशॉपमधली माणसं चहाचे ग्लास घेऊन गल्लीत उभी राहायची. पाच मिनिटं ती बोलायची. कुणी काही म्हणायचं नाही. मग तो गाडी बंद करायचा आणि लोक सोनं वाटायला निघायचे.

पूजा बाळाबाई करायची. हळदकुंकू, फुलं, लिंबू, आणि शेवटी नैवेद्य. गाडीच्या दोन्ही कार्बोरेटरची तोंडं उघडी होती. जाळी नाही, झाकण नाही, कर्ण्यासारखी दोन पितळी तोंडं बाहेर आलेली. पहिल्या वर्षी तिनं त्या तोंडांना गूळ लावला तेव्हा आकाराम ओरडणारच होता. पण तिचा दुसरा हात टाकीवर होता, गाभण म्हशीच्या पाठीवर असावा तसा, आणि ती पुटपुटत होती, “तुझ्या देशात काय खात्यात मला म्हाईत न्हाय बाई. आमच्याकडं गूळ मिळतोय.” त्याला बोलवेना. संध्याकाळी ती चुलीकडं वळल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं गूळ पुसून काढला. पुढची वीस-बावीस वर्षं ती लावत गेली आणि तो पुसत गेला. तिला कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात ती अंथरुणाला खिळली. खंडेनवमीला दुपारी श्वास लागला म्हणून आकाराम रिक्षा आणायला पळाला, आणि तिथून दवाखान्यात जे गेले ते कोजागरीनंतर तो एकटाच परत आला. त्यानंतर गाडी बोललीच नाही. किक मारली की एकदा खोकायची, प्लग काढला की काळा, पेट्रोलनं चिंब. पहिल्या वर्षी सण केला नाही. दुसऱ्या वर्षी गाडी सगळी खोललेली होती. एवढ्या मोठ्या गाडीचा दोष मोठाच असणार, असं धरून त्यानं दोनदा इंजिन उतरवलं, कागदाच्या जाडीची अंतरं पुन्हा मोजली, कॉइल बदलली, वायरिंग बदललं. कार्बोरेटर सहा वेळा धुतले, पेट्रोलनं, रॉकेलनं, थिनरमध्ये दोन-दोन दिवस बुडवून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि हा गाडी होऊ दे म्हणत होता. मनात दुसरंच काहीतरी बसलं होतं, जे कुणाला सांगता येत नव्हतं. सवत गेली म्हणून हिनं तोंड मिटलं.

“मिस्त्री,” दारातून हाक आली. शेजारच्या फौंड्रीचा सयाजी होता, पोट पुढं, हातात झेंडूची माळ. “पायाला जरा दम द्या की. खंडेनवमीला हत्याराला सुट्टी असती, तशी गुडघ्यालाबी.”

“तू तुझी भट्टी बघ.”

“भट्टी इझवली. समदं उद्यमनगर गप हाय, तुमचाच तेवढा धडधडाट. धडधडाटबी न्हाय म्हणा,” सयाजी म्हणाला, आणि आकारामचा चेहरा बघून मागं सरला. माळ दाराला अडकवून गेला.

दहा वाजता अनुजा आली. ही त्याची एकुलती मुलगी, इचलकरंजीला दिलेली. तिनं पूजेचं ताट ठेवलं, बापाच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि पाट मांडला.

“अर्धा तास थांब,” तो म्हणाला.

ती थांबली. अर्धा तास झाला, तास झाला. तो किक मारत होता, गाडी एकदा खोकत होती आणि गप्प होत होती. घाम डोळ्यांत गेला, पाय घसरला, किकच्या दांड्यानं नडगी सोलली. तो गाडीला धरून उभा राहिला आणि कपाळ टाकीला टेकवलं.

“आबा. हत्यारं पाटावर मांडू का?”

एकदा पाटावर गेलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही. सगळ्या उद्यमनगरात हा नियम, आणि त्रेपन्न वर्षांत आकारामनं तो मोडला नव्हता. मांड म्हणणं म्हणजे संपलं म्हणणं.

“मांड,” तो म्हणाला, आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसला.

मागं पाने, पेचकस, पक्कड, हातोडी एकेक पाटावर टेकल्याचा आवाज येत होता. अनुजा हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होती, आईसारखंच. त्यानं वळून पाहिलं. हत्यारांची पूजा आटोपून ती गाडीपाशी उभी होती. टाकीला कुंकू लावलं. मग ताटातला गूळ घेतला, ओल्या बोटांनी मळला आणि बोट कर्ण्यात आत घातलं. पार आत. मग दुसऱ्या कर्ण्यात.

“काय करायलीस?”

“नैवेद्य. आई द्यायची की.”

“आई बाहेर लावायची. ओठाला.”

“न्हाय ओ. तुमच्यासमोर तेवढं बाहेर लावायची, तुम्ही वराडशीला म्हणून. तुम्ही तिकडं वळला की आत. बाळाला चाटण देत्यात तसं. बाहेर ठिवलं की मुंग्या न्हेत्यात म्हणायची.”

आकाराम उठला. दरवर्षी ओलं फडकं आतपर्यंत फिरवून तो पुसायचा, म्हणून ते निघत होतं. मग एकदम त्याच्या मनात काहीतरी लखलखलं.

“त्या वर्षी पूजा झाली न्हवती,” तो म्हणाला. “मी रिक्षा आणाय गेलतो.”

“झालती की.” अनुजाचा हात थांबला. “तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, मला खाली गाडीपाशी न्हे. उभं ऱ्हावत न्हवतं तिला, मीच धरलंतं. हळदकुंकू ऱ्हाऊ दे म्हणाली, आधी खायला घालूया. दोन्हीकडं मोठं खडं घातलं. म्हणाली, औंदा भरपूर खा बाई, पुढल्या साली कोण घालतंय बघू.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर आरती लागली होती.

आकारामला सगळं दिसलं, मोतीबिंदूच्या डोळ्यांना जन्मात दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ. त्या कर्ण्यांच्या आतल्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. त्यांतून हवा आत जाते आणि पेट्रोलात मिसळते. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखाली गूळ वितळला असेल, उतरत उतरत त्या भोकांत गेला असेल आणि तिथं काचेसारखा घट्ट झाला असेल. हवा बंद, म्हणून नुसतं पेट्रोल, म्हणून ओले प्लग. आणि गूळ पेट्रोलात विरघळत नाही. रॉकेलात नाही, थिनरमध्ये नाही. तीन वर्षं त्यानं ह्या गाडीला एक सोडून सगळं पाजलं होतं.

एकदा तोंडानं तिला सांगितलं असतं. बावीस वर्षांत एकदा.

“पाणी तापव,” तो म्हणाला.

“कशाला?”

“कडकडीत तापव.” आणि तो पाटाकडं गेला. पेचकस झेंडूच्या फुलाखाली होता, मुठीवर ओलं कुंकू. त्यानं हात पुढं केला आणि तो मध्येच थांबला.

“आबा, हत्यार उचलू नगा,” अनुजा म्हणाली. “आईनं उचलू दिलं असतं का?”

“न्हाय,” तो म्हणाला. “तिनं माझा हात मोडला असता.” त्यानं पेचकस कपाळाला लावला, फूल पाटावरच राहू दिलं, आणि कामाला बसला.

 एक स्क्रू खाली पडून ड्रमाखाली गेला. अनुजानं पोटावर पडून काढला. कार्बोरेटर सुटायला दोन वाजले. स्टोव्हवर चहाच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. कार्बोरेटरमध्ये पाणी घालणारा मिस्त्री उद्यमनगरात कुणी पाहिला नसेल. अनुजानं लावलेला ताजा गूळ त्यानं ओल्या फडक्यानं पुसला, पहिला कार्बोरेटर पातेल्यात सोडला आणि थांबला. सगळं आयुष्य हातानं करण्यात गेलेलं. नुसतं बसून बघायचं त्याला जमत नव्हतं. तो दर मिनिटाला वाकायचा, वाफेत तोंड घालायचा, मागं यायचा.

अडीचला पाण्यात एक दोरा उतरला. बारीक, तपकिरी, भोकातून निघून तळाशी जाणारा. मग त्याच्याशेजारून दुसरा. वाफेला पेट्रोलचा वास होता, आणि त्याखाली, अगदी खाली, गुऱ्हाळाचा.

त्यानं बोट बुडवलं. जिभेला लावलं.

अनुजा बघत होती.  त्यानं पातेलं विस्तवावरून खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसला. बाळाबाईच्या बोटाचं, तिनं ह्या घरात शेवटचं कुणाला दिलेलं, ह्या पाण्यात होतं. अजून अर्धं आत होतं. आणखी उकळलं तर तेही निघणार होतं, आणि मग कुठंच काही उरणार नव्हतं.

“आबा,” अनुजा हळू आवाजात म्हणाली, “तीन वाजलं.”

त्यानं पातेलं परत ठेवलं.

चारला अमरसिंह आला तेव्हा आकाराम शेवटची नळी बसवत होता. अमरसिंहानं जमिनीवरचं पाणी, पाटावरची फुलं, म्हाताऱ्याची रक्ताळलेली नडगी पाहिली. “काका, जीव नका काढू,” तो म्हणाला. “बाबासुद्धा एवढं म्हणाले नसते.”

“तुमच्या बाबांनी बोलती ठेव म्हणून सांगितलंवतं, धाकले सरकार. तेवढंच एक सांगितलंवतं.”

त्यानं नळी घट्ट केली. पेट्रोल सोडलं. किकवर पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. गुडघा दुमडला आणि तो गाडीसकट पडणार तोच अमरसिंहानं धरलं. दुसऱ्यांदा पाय वरच गेला नाही. पायात काही उरलंच नव्हतं. इतक्यात शिवानंदचा टेम्पो गल्लीत वळला. मागं दोन माणसं उभी, खांद्यावर साखळ्या.

आकाराम खाली बसला. दोष सापडला होता, गाडी तयार होती आणि पाय संपला होता. त्यानं अमरसिंहाकडं पाहिलं. अमरसिंहानं खाली बघितलं. ही किक त्याला जन्मात जमली नव्हती.

“अहो, असं काय बसलाय,” दारातून सयाजी म्हणाला. “ढकलूया की. हत्यार उचलायचं न्हाय असं हाय. ढकलू नगा असं कुठं हाय?”

त्यांनी आकारामला उचलून सीटवर बसवलं. सयाजी, अमरसिंह, अनुजा पदर खोचून, आणि दोन मिनिटं बघून शिवानंदची ती दोन माणसंही, साखळ्या टेम्पोत टाकून. आकाराम वाकला. छाती टाकीला लागली, पाय मागं दुमडले. गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. गल्लीला थोडा उतार होता. चाकं फिरू लागली, मागं सयाजीचं धापा टाकणं आणि शिव्या. आकारामनं क्लच सोडला.

गाडी खोकली. थांबली. पुन्हा खोकली.

“आणखी,” आकाराम ओरडला, आणि तो आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

उतार संपायला वीस पावलं असताना ती बोलली. आधी एक, मग दुसरं सिलिंडर, मग दोन्ही एका तालात. खालच्या पट्टीतला, छातीतला, सगळ्या गल्लीचे पत्रे थरारवणारा तो आवाज. बंद वर्कशॉपच्या दारांतून माणसं बाहेर आली. कुणाच्या हातात प्रसादाची ताटली, कुणाच्या हातात चहा. 

अमरसिंहानं फोन पुढं धरला होता. वीरेश पडद्यावर गप्प होते. अमरसिंहाला वाटलं, रेंज गेली.

“ऐकू येतंय ना?”

“बंद करू नका,” वीरेश म्हणाले. “आणखी थोडं राहू दे.” मग बऱ्याच वेळानं, “काय झालं होतं तिला?”

“काय न्हाय,” आकाराम म्हणाला. “घरचंच कारण होतं.”

शिवानंद टेम्पोला टेकून उभा होता. तळहातावरचे आकडे त्यानं अंगठ्यानं पुसायला घेतले होते. “अण्णा,” तो म्हणाला, “ही टांगली असती तर मला पाप लागलं असतं. ती लुना देतो म्हणालता न्हवं? रंग मारून?”

“निळा मारतो,” आकाराम म्हणाला. “मधी चंदेरी पट्टा.”

वीरेशांची माणसं उद्या दुपारी येणार होती. गाडी जागेवर लावली, लोक पांगले, अमरसिंह मान खाली घालून आकारामच्या पाया पडला आणि गेला. वर्कशॉपमध्ये बाप-लेक राहिले. निवणारं लोखंड टिकटिक करत होतं. पातेल्यातलं तपकिरी पाणी पाटाशेजारी तसंच होतं. ते कुठं ओतावं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

“अनुजा,” आकाराम म्हणाला. “पुढल्या साली बाहेरच लाव. आत नगो घालू.”



“पुढल्या साली कुठली गाडी, आबा?”

तो गाडीकडं बघत राहिला. “व्हय,” म्हणाला. “ते बी खरंच.”

मग त्यानं पेचकस फडक्यानं पुसला, लंगडत पाटापाशी गेला आणि तो होता तिथं, त्याच फुलाखाली, परत ठेवला. दसरा उद्या होता. तोवर त्याला हात लावायचा नव्हता.